डॉ. कमला सोहोनी : चरित्रांतील कथा आणि कागदांतील कार्य

इतिहास-संशोधनास वाहिलेल्या त्रैमासिकांत जीवरसायनशास्त्राच्या एका प्राध्यापिकेच्या चरित्राचें परीक्षण पाहून कांहीं वाचकांस नवल वाटण्याचा संभव आहे. आमचे वाचक ताम्रपट, सनदा, महजर व पोथ्या यांचे शोधक. प्रयोगशाळेंतील वह्या आणि शास्त्रीय नियतकालिकांतील दोन-चार पृष्ठांचीं टिपणें यांची गणना ऐतिहासिक साधनांत करण्याची आपणांस संवय नाहीं. तथापि बखरीचें परीक्षण ज्या पद्धतीनें आपण करतों, तीच पद्धति एका अर्वाचीन विदुषीच्या चरित्रास लाविली असतां काय निष्पन्न होतें, हें पाहणें उद्बोधक आहे. आणि जें निष्पन्न होतें तें आपणां संग्राहकांस थोडेंसें लाजविणारेंहि आहे.

कै. राजवाडे यांनीं १८९८ सालीं ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला, तेव्हां पानिपतच्या काळचीं अस्सल पत्रें पुढें ठेवून त्यांनीं बखरींच्या कथनाची कठोर चिकित्सा केली. त्या चिकित्सेपासून आम्ही जो धडा घेतों तो असा : बखर सर्वस्वीं खोटी नसते, परंतु काय घडलें यापेक्षां लोकांच्या मनांत काय ठसलें, हें ती अधिक सांगते. राजवाडे १९२६ च्या डिसेंबरअखेर धुळें मुक्कामीं निवर्तले आणि त्यांच्या नांवाचें संशोधन मंडळ धुळ्यासच उभें राहिलें. सबब खानदेशांतील संशोधकांस हा धडा निराळा सांगण्याचें कारण नाहीं. खेद इतकाच कीं, पेशवाईच्या अखेरीपर्यंत कसोशीनें पाळलेला हा नियम त्याच्या अलीकडच्या काळाकडे वळतांच आपण गुंडाळून ठेवतों.

प्रथम चरित्राची रूपरेषा देतों. कमलाबाई या माहेरच्या भागवत. जन्म इंदूर येथें. सन बहुतेक ठिकाणीं १९११ दिलेला असून कांहीं लेखांत १९१२ असाहि आढळतो. वडील नारायणराव व चुलते माधवराव हे दोघेहि बंगलोरच्या टाटा विज्ञानसंस्थेंत शिकलेले रसायनज्ञ. लोकसाहित्याच्या थोर अभ्यासक आणि १९७५ च्या कऱ्हाड साहित्यसंमेलनाच्या अध्यक्ष दुर्गाबाई भागवत या त्यांच्या भगिनी. रसायन व पदार्थविज्ञान हे विषय घेऊन कमलाबाई १९३३ सालीं मुंबई विद्यापीठाची बी. एस्सी. परीक्षा वरच्या क्रमानें उत्तीर्ण झाल्या. बंगलोरास संशोधन करून त्यांनीं १९३६ सालीं एम. एस्सी. ही पदवी मिळविली व १९३९ सालीं केंब्रिज विद्यापीठाची पीएच. डी. संपादन केली. स्वदेशीं परतल्यावर दिल्लीच्या लेडी हार्डिंज महाविद्यालयांत जीवरसायनाचें अध्यापन आणि कुन्नूरच्या आहारविषयक प्रयोगशाळेंत संशोधन, असा कांहीं काळ गेला. १९४७ सालीं विवाह होऊन त्या मुंबईस आल्या. तेथील विज्ञानसंस्थेंत, म्हणजे त्या वेळच्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्यें, जीवरसायनाच्या प्राध्यापिका व पुढें त्या संस्थेच्या संचालक झाल्या. १९९८ च्या जून महिन्यांत, दिल्लीस भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेनें केलेल्या सत्काराच्या वेळीं त्या कोसळल्या आणि लवकरच त्यांचें देहावसान झालें.

इतकी रूपरेषा सर्वत्र सारखी आहे. परंतु मराठी व इंग्रजी वृत्तपत्रें, शालेय वाचनमाला आणि स्मरणलेख यांतून जी कथा लोकांपुढें येते, तिचे तीन प्रमुख आधारस्तंभ आहेत. पहिला, बंगलोरच्या संस्थेचें बंद दार. दुसरा, ‘पहिली’ हें विशेषण. तिसरा, सायटोक्रोम नांवाच्या द्रव्याचा ‘शोध’. या तिन्ही स्तंभांवर आम्ही क्रमानें हात ठेवून पाहतों.

पहिली कथा सर्वांस ठाऊक आहे. १९३३ सालीं बंगलोरच्या संस्थेचे संचालक सर चंद्रशेखर वेंकट रामन हे होते. कमलाबाईंचा अर्ज त्यांनीं केवळ त्या स्त्री आहेत म्हणून नाकारला. कमलाबाई स्वस्थ बसल्या नाहींत; त्यांनीं संचालकांस गांठून नकाराचें कारण विचारलें आणि अखेर अटींवर प्रवेश मिळविला. वर्षभर त्यांची गणना नियमित विद्यार्थ्यांत होणार नाहीं, मार्गदर्शक सांगतील त्या वेळीं, रात्र झाली तरी, काम करावें लागेल, आणि त्यांच्यामुळें प्रयोगशाळेंतील वातावरण बिघडतां कामा नये, अशा त्या अटी. वर्षानें रामन यांचें समाधान होऊन त्यांस नियमित प्रवेश मिळाला.

पाठभेद पाहूं लागतां ही कथा बखरीसारखीच वागते. कोठें कमलाबाई कचेरीबाहेर ठाण मांडून सत्याग्रह करतात. कोठें नुसत्या समोर उभ्या राहून प्रश्न विचारतात. कोठें अटी तीन. कोठें फक्त वर्षाच्या चांचणीचा उल्लेख. दोघांचे संवाद तर प्रत्येक लेखकानें आपापल्या मगदुराप्रमाणें रचले आहेत. मूळ आधार पाहूं जातां तो कमलाबाईंच्या स्वतःच्या आठवणीपाशीं येऊन थांबतो. १९९७ सालीं, म्हणजे घटनेनंतर चौसष्ट वर्षांनीं, एका सत्कारप्रसंगीं त्यांनीं हा अपमान आपण कधींहि विसरूं शकलों नाहीं असें स्पष्ट बोलून दाखविलें.

मग ही कथा टाकून द्यावी काय ? मुळींच नाहीं. चौसष्ट वर्षांनंतरची आठवण संवादाच्या शब्दांस प्रमाण नव्हे. परंतु अपमान झाला या गोष्टीस ती आप्तवाक्य आहे, कारण ज्याला कांटा रुतला त्याच्याहून त्या कांट्याचा साक्षी दुसरा कोण असणार? शिवाय तीस बाहेरूनहि बळकटी मिळते. अ‍ॅना मणी या विदुषीनें १९४० नंतर रामन यांच्याच प्रयोगशाळेंत हिरे व माणकें यांच्या प्रकाशगुणांवर संशोधन करून प्रबंध पुरा केला, पण एम. एस्सी. ची पदवी नाहीं या तांत्रिक कारणास्तव मद्रास विद्यापीठानें त्यांस डॉक्टर ही पदवी दिली नाहीं. स्त्रियांस विज्ञानाच्या दारांत किती निरनिराळ्या उंबरठ्यांशीं अडखळावें लागे, याचें हें दुसरें उदाहरण. आमचा निर्णय असा : घटना ग्राह्य, अटींचा आशय ग्राह्य, संवाद मात्र लेखकांचे. पुढील चरित्रकारांनीं अवतरणचिन्हें घालतांना हात आवरावा.

दुसरा स्तंभ ‘पहिली’ या शब्दाचा. ‘विज्ञानांत डॉक्टर ही पदवी मिळविणारी पहिली भारतीय स्त्री’ असें कमलाबाईंचें वर्णन शेंकडों ठिकाणीं छापलेलें आहे. परंतु वनस्पतिशास्त्रज्ञ जानकी अम्माळ यांस अमेरिकेंतील मिशिगन विद्यापीठानें १९३१ सालीं डी. एस्सी. ही पदवी दिली होती. तीहि विज्ञानांतील डॉक्टर पदवीच होय. तेव्हां हें विधान टिकवावयाचें असेल तर ‘पीएच. डी.’ या अक्षरांचा आश्रय करून टिकवावें लागतें; ‘विज्ञानांतील डॉक्टर’ असा व्यापक अर्थ घेतल्यास तें टिकत नाहीं. तसेंच १९४४ सालीं असीमा चतर्जी यांस कलकत्ता विद्यापीठानें रसायनशास्त्रांत डी. एस्सी. दिली; एखाद्या भारतीय विद्यापीठानें स्त्रीस दिलेली विज्ञानांतील ती पहिली डॉक्टर पदवी, असें सांगतात. तीन विदुषी, तीन विद्यापीठें, तीन निरनिराळे ‘पहिले’ क्रमांक. यांतील कोणास वर चढवावयाचें व कोणास खालीं उतरवावयाचें, हा विचारच आम्हांस अप्रशस्त वाटतो. घराण्यांतील मानपानाच्या तंट्यांत अग्रपूजेचा प्रश्न असतो. विद्येच्या इतिहासांत तो फार दूरपर्यंत नेऊं नये. ‘पहिली’ म्हटलें म्हणजे वाचक पुढें कांहीं विचारीत नाहीं, हा त्या शब्दाचा खरा दोष आहे.

तिसरा स्तंभ सर्वांत महत्त्वाचा, कारण तो प्रत्यक्ष विद्येसंबंधीं आहे. ‘कमलाबाईंनीं वनस्पतींत सायटोक्रोम-सी शोधून काढलें’ असें सर्रास लिहिलें जातें. सायटोक्रोम म्हणजे पेशींतील एक लोहयुक्त रंगद्रव्य. अन्नांतून मोकळी होणारी शक्ति एकदम भडकून न जातां हातोहात पुढें सरकत शेवटीं प्राणवायूशीं मिळते. त्या साखळींतील ही एक कडी. आतां डेव्हिड कीलिन यांनीं १९२५ सालीं केंब्रिजहून या द्रव्यावर जो पायाभूत निबंध प्रसिद्ध केला, त्याच्या मथळ्यांतच प्राणी, किण्व व उच्च वनस्पति या तिघांत हें द्रव्य समान असल्याचें म्हटलें आहे. म्हणजे कमलाबाई केंब्रिजास जाण्यापूर्वीं बारा वर्षें ही गोष्ट छापून आलेली होती. मग त्यांनीं केलें तें काय ?

याचें उत्तर चरित्रलेखांत मिळत नाहीं. तें मूळ लेखांत मिळतें. केंब्रिजमध्यें त्यांनीं प्रथम डेरेक रिक्टर यांच्या सोबत काम केलें. प्राण्यांच्या शरीरांतील फिनॉलेज जातीचीं विकरें व ॲड्रिनलीन यांवर दोघांचा लेख ‘बायोकेमिकल जर्नल’मध्यें १९३८ सालीं आला. नंतर रॉबिन हिल यांच्या मार्गदर्शनाखालीं त्या वनस्पतींकडे वळल्या. हिल आणि भागवत या दोघांच्या नांवें १९३९ सालीं ‘नेचर’ या साप्ताहिकांत एक लहानसें टिपण प्रसिद्ध झालें. त्याचा विषय सायटोक्रोम नव्हे; सपुष्प वनस्पतींतील ‘सायटोक्रोम ऑक्सिडेज’, म्हणजे सायटोक्रोमची प्राणवायूशीं अखेरची गांठ घालून देणारें विकर, हा आहे. वनस्पतींच्या श्वसनांत ही शेवटची गांठ कोण घालतें, तें काम फिनॉलेज करतात कीं दुसरें एखादें विकर, हा त्या काळीं वादाचा प्रश्न होता. बटाट्यासारख्या साध्या वस्तूवर काम करून या दोघांनीं दाखविलें कीं, प्राण्यांच्या पेशींत जी व्यवस्था आहे तीच वनस्पतींतहि चालू आहे. द्रव्य सांपडणें निराळें आणि तें द्रव्य कोणतें कार्य कोणाच्या साह्यानें करतें, हें सिद्ध करणें निराळें. पहिलें काम शोधकाचें, दुसरें टीकाकाराचें. कमलाबाईंचें काम या दुसऱ्या प्रकारचें व आमच्या मतें अधिक बिकट.

आतां रिक्टर यांच्याबरोबरचा १९३८ चा लेख व हिल यांच्याबरोबरचें १९३९ चें टिपण एकापुढें एक ठेवून पाहावीं. एकांत फिनॉलेज, दुसऱ्यांत त्याच्या प्रतिपक्षीचें विकर. वादांतील दोन्ही बाजूंचें साहित्य त्यांच्या हातांखालून गेलें होतें, ही गोष्ट दोन लेख शेजारीं मांडल्याशिवाय दिसत नाहीं आणि एकाहि लोकप्रिय चरित्रलेखांत ती आमच्या दृष्टीस पडली नाहीं. त्यांचा पीएच. डी. चा प्रबंध अवघा चाळीस टंकलिखित पृष्ठांचा होता व केंब्रिजास पोंचल्यापासून चौदा महिन्यांत तो पुरा झाला, असें कौतुकानें सांगतात. पृष्ठें मोजणारे पुष्कळ. पृष्ठें वाचणारे विरळा.

येथें ग्रंथसूची करणारांच्या लक्षांत आणून देण्याजोगी एक अडचण आहे. या विदुषीचें कार्य दोन नांवांत विभागलें गेलें आहे. विवाहापूर्वींचे लेख ‘के. भागवत’ या नांवें, नंतरचे ‘के. सोहोनी’ या नांवें. १९४७ ही सीमारेषा धरून सूची करावी तर तीहि फसते, कारण हिल यांच्यासह वनस्पतींतील त्याच विकरावर लिहिलेला त्यांचा विस्तृत लेख ‘न्यू फायटॉलॉजिस्ट’मध्यें १९५१ सालीं, म्हणजे विवाहानंतर चार वर्षांनीं, जुन्याच नांवें आला. एकाच कवीनें दोन नाममुद्रा वापरल्यामुळें पदांची वाटणी दोन कवींत झाल्याचीं उदाहरणें पोथ्यांच्या अभ्यासकांस ठाऊक आहेत. तोच प्रकार येथें झाला आहे. जो ‘सोहोनी’ शोधील त्यास केंब्रिजचें काम गवसणार नाहीं. जो ‘भागवत’ शोधील त्यास मुंबईचें.

हीं दोन दप्तरें एकत्र बांधलीं म्हणजे एक नवीनच चित्र उमटतें. लोककथेंत कमलाबाईंचें जीवन बंगलोरच्या दारापासून केंब्रिजच्या पदवीपर्यंत चढतें आणि तेथें जणूं संपतें. पुढील तीस वर्षें एका परिच्छेदांत आटोपतात. लेखांच्या क्रमानें पाहतां त्यांच्या विद्येचा मूळ धागा केंब्रिजचा नसून कडधान्यांचा आहे. बंगलोरास मार्गदर्शक श्रीनिवासय्या यांच्यासह त्यांनीं १९३५ च्या सुमारास प्रथम हाती घेतला तो विषय डाळींतील नत्राचा : डाळींत जें नत्र आहे त्यांपैकीं खऱ्या प्रथिनाचें किती व प्रथिनेतर किती. गोरगरिबांच्या ताटांत प्रथिन येतें तें मुख्यत्वें डाळीचें. आमच्या खानदेशांत ज्वारीबरोबर उडीद दळून कळण्याची भाकरी करतात, तींतील उडदाचें मोल किती, हाच तो प्रश्न शास्त्राच्या भाषेंत.

मुंबईस आल्यावर त्या याच प्रश्नाकडे परतल्या, मात्र उलट्या बाजूनें. डाळींत प्रथिन आहे हें खरें. पण तें पचूं न देणारेंहि कांहीं डाळींतच आहे काय? प्रथिन पचविणारें ट्रिप्सिन हें आंतड्यांतील विकर; त्यास बांधून निकामी करणारीं द्रव्यें कच्च्या कडधान्यांत असतात व शिजविल्यानें तीं बहुतांशीं निष्प्रभ होतात. भारतीय भाज्या व डाळी यांतील अशा द्रव्यांची पाहणी त्यांनीं आपल्या सहकाऱ्यांसह १९५४ व १९५५ या सालीं प्रसिद्ध केली. आणि १९५५ सालींच वालांतून असें द्रव्य स्फटिकरूपांत वेगळें काढल्याचें टिपण के. एस. अंबे यांच्यासह ‘नेचर’मध्यें छापलें. स्फटिकरूप मिळणें म्हणजे द्रव्य शुद्ध झाल्याची साक्ष. ‘नेचर’मधील १९३९ चें टिपण सर्वांच्या तोंडीं, त्याच साप्ताहिकांतील १९५५ चें टिपण कोणाच्या गांवींहि नाहीं. पहिलें केंब्रिजचें, दुसरें मुंबईचें, यापलीकडे या उपेक्षेचें कारण आम्हांस दिसत नाहीं. आपल्या विद्वानांची थोरवी परदेशच्या मोहरेवरूनच ओळखण्याची ही संवय जुनी आहे.

ताड-माडाच्या ताज्या रसाचें, म्हणजे नीरेचें, त्यांचें संशोधनहि याच धाग्यांतलें. राष्ट्रपति राजेंद्रप्रसाद यांच्या सूचनेवरून त्यांनीं तें हाती घेतलें व त्यांस राष्ट्रपति-पारितोषिक मिळालें, असें चरित्रांतून येतें. नीरेंतील जीवनसत्त्वें व लोह वाढत्या वयाचीं मुलें आणि गरोदर स्त्रिया यांच्या पोषणास किती उपयोगी पडतील, हा त्या संशोधनाचा रोख. निवृत्तीनंतर ग्राहकांस मार्गदर्शन करणाऱ्या मुंबईच्या संस्थेंत त्या काम करूं लागल्या, १९८२-८३ सालीं तिच्या अध्यक्ष झाल्या आणि तिच्या ‘कीमत’ या नियतकालिकांत ग्राहकांच्या सुरक्षिततेवर लिहीत राहिल्या. मराठींत त्यांनीं ‘आहारगाथा’ लिहिली. दुर्गाबाईंचें ‘खमंग’ आणि कमलाबाईंची ‘आहारगाथा’ हीं दोन पुस्तकें एका कपाटांत शेजारीं ठेवावीं. दोघी बहिणी एकाच ताटाकडे कशा दोन दृष्टींनीं पाहत होत्या, हें ध्यानांत येईल. १९३५ मधील डाळींतील नत्रापासून ‘आहारगाथे’पर्यंत एकच प्रश्न आहे : सामान्य माणसानें खाल्लेलें त्याच्या अंगीं लागतें काय ? केंब्रिजचें सुंदर काम हें या मार्गावरील एक वळण. मार्ग तो नव्हे.

आम्हीं आयुष्य संस्कृताच्या अध्यापनांत घालविलें असल्यामुळें मीमांसकांच्या परिभाषेचा येथें आश्रय करतों. मीमांसक वेदवाक्यांत ‘विधि’ व ‘अर्थवाद’ असा भेद करतात. अमुक करावें हें सांगणारें वाक्य विधि. त्याची स्तुति वा निषिद्धाची निंदा करणारी कथा अर्थवाद. अर्थवाद व्यर्थ नसतो. परंतु त्याचें प्रामाण्य विधीशीं एकवाक्यता झाली तरच. विधीपासून तोडलेला अर्थवाद म्हणजे नुसती कथा. कमलाबाईंच्या चरित्रांत बंद दाराची कथा हा अर्थवाद आहे. ज्या विद्येसाठीं त्या दारांत उभ्या राहिल्या ती विद्या हा विधि. गेलीं पंचवीस-तीस वर्षें आपण अर्थवादाचें पारायण करीत आहों आणि विधि कोणता हें विसरून गेलों आहों.

यावर एक आक्षेप येईल व तो सहृदय आहे. कोणी म्हणेल, ‘ही कथा वाचून शेंकडों मुलींस धीर आला, तिची अशी चिरफाड करण्यांत काय पुरुषार्थ?’ आम्हीं वर म्हटलेंच आहे कीं, घटना खरी आहे व अन्यायहि खरा आहे. त्यांत रेसभरहि उणें करावयाचें नाहीं. पण मुलींस धीर कोणत्या गोष्टीनें द्यावयाचा ? दार ठोठावल्यास तें उघडतें, एवढ्यानें काय ? दार उघडल्यावर आंत जाऊन तीस-पस्तीस वर्षें काय करावयाचें असतें, हें त्यांस कोणीं सांगावयाचें ? रामन यांच्या नकाराचें स्मरण करून देतांना प्रत्येक वेळीं आपण रामन यांसच कथेचा केंद्र करतों. ज्या स्त्रीचें संशोधन आपण वाचीत नाहीं, तिचा गौरव करणें म्हणजे तीस दुसऱ्यांदा दाराबाहेर उभें करणें होय.

या बाबतींत खानदेशच्या भूमींतच एक उत्तम दाखला आहे. चाळीसगांवजवळील पाटणें येथील शिलालेख आमच्या वाचकांस सुपरिचित आहे, डॉ. भाऊ दाजी लाड यांनीं तो उजेडांत आणिला. शके ११२८ च्या या लेखांत भास्कराचार्यांच्या कुळाची प्रशस्ति आहे. त्यांचा नातू चंगदेव हा यादवराजा सिंघण याच्या पदरीं ज्योतिषी होता. त्यानें आजोबांच्या ‘सिद्धांतशिरोमणि’ आदि ग्रंथांच्या अध्ययनासाठीं मठ स्थापिला आणि निकुंभ घराण्यांतील सत्ताधीशांनीं त्यास नेमणुका करून दिल्या, हें त्यांत कोरलें आहे. शेवटच्या ओळी तर त्या काळच्या मराठींत आहेत. नातवास आजोबांच्या प्रतिष्ठेचा अभिमान होता. लेखांत स्तुति भरपूर आहे. परंतु ती स्तुति एका व्यवस्थेपाशीं येऊन थांबते : हे ग्रंथ येथें शिकविले जावेत. चंगदेवानें पुतळा उभारला नाहीं, पाठ चालविला. आठशें वर्षांपूर्वीं सातमाळ्याच्या पायथ्याशीं विद्वानाचें स्मारक कसें असावें याची जी समज होती, ती आज आपल्यापाशीं आहे काय ? २००८ सालीं बंगलोरच्या विज्ञान अकादमीनें भारतीय स्त्री-शास्त्रज्ञांच्या आठवणींचा जो इंग्रजी संग्रह काढला, त्यास ‘लीलावतीच्या कन्या’ या अर्थाचें नांव दिलें. लीलावती ज्या आचार्यांची, त्यांचा पाठ आमच्या जिल्ह्यांत चालत होता. तेव्हां या कन्यांचें देणें आपणांवर इतरांहून अधिक येतें.

सबब आमच्या संग्राहक बंधूंपुढें कांहीं सूचना ठेवून हें परीक्षण संपवितों. कमलाबाईंच्या दोन्ही नांवांखालील सर्व लेखांची कालक्रमानें एकच सूची प्रथम व्हावी. तीस चार महिन्यांहून अधिक श्रम नकोत. मुंबई विद्यापीठांत त्यांच्या मार्गदर्शनाखालीं ज्यांनीं पदव्या मिळविल्या, त्यांचे प्रबंध हे गुरूच्याच कार्याचा उत्तरार्ध समजून त्या सूचींत घ्यावे. ज्यांनीं त्यांच्यापाशीं शिक्षण घेतलें व जे आज हयात आहेत, त्यांच्या आठवणी ऐकीव म्हणून न सोडतां तारीख घालून, शब्दशः, सही घेऊन उतरून ठेवाव्या. म्हणजे चौसष्ट वर्षांनंतरच्या एका भाषणावर सगळा भार टाकण्याची पाळी पुन्हां येणार नाहीं. प्रत्येक महत्त्वाच्या लेखाचें मराठींत दोन पृष्ठांचें सार करून तें महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांच्या हातीं द्यावें. पाटण्याच्या मठाचा अर्थ आजच्या काळीं इतकाच होतो.

आणि हें काम एका व्यक्तीपुरतें ठेवूं नये. जळगांवचें मूळजी जेठा व अमळनेरचें प्रताप हीं महाविद्यालयें स्वातंत्र्यापूर्वींचीं. जळगांवास विद्यापीठ झालें तें १९९० सालीं. तेव्हांपासून येथें रसायनाचे किती अध्यापक शिकवून गेले. त्यांच्या प्रयोगवह्या, हस्तलिखित टिपणें, निकामी ठरवून बाहेर काढलेल्या नोंदवह्या यांची वाट सहसा रद्दीच्या दुकानाकडे जाते. सतराव्या शतकांतील हिशेबाचा एक चिटोरा मिळाला तर आपण तो चांगल्या फडक्यांत बांधून ठेवतों. १९५५ सालीं वालाचें द्रव्य स्फटिकरूपांत आणणारी वही कोणाच्या माळ्यावर असेल तर तिला उंदरांच्या स्वाधीन करतों. तीनशें वर्षांनीं येणाऱ्या संशोधकास हे दोन्ही कागद सारखेच जुने असतील. त्याच्या हातीं वही द्यावयाची कीं केवळ दाराची कथा, हें ठरविणें आज आपल्या हातीं आहे.